ताटातलं पाणी

तार वणीला आमच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात आली. इंग्रजी तार आधी मॅनेजरसाहेबांनी वाचायची आणि मग मी ती समजल्यासारखं तोंड करायचं, अशी आमच्याकडची रीत. पण ही तार मला एका नजरेत समजली. ‘मामाजी एक्सपायर्ड. कम. कुसुम.’ मामाजी म्हणजे तिचे सासरे; माझे सख्खे थोरले काका, आमचे मोठेबाबा. यवतमाळच्या एका शाळेतून इंग्रजीचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले. माणूस गेल्याची तार हातात घेऊन उभ्या उभ्या माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? तर कुसुमनं ‘पास्ड अवे’ लिहिलं नाही, हे. शेपटीवालं क्रियापद येत असताना तिनं बिनशेपटीचं वापरलं. मोठेबाबा जिवंत असते तर ताटावरून उठवलं असतं तिला...

शेपटीवाली क्रियापदं हा शब्द त्यांचाच. साध्या क्रियापदाला अप, डाऊन, ऑफ, आउट असं काहीबाही चिकटलं की त्याचा अर्थ पार फिरतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणं, हे कोणालाही येतं; पण ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणं आणि ‘गिव्ह इन’ म्हणजे समोरच्यापुढे नमणं. “इंग्रजी बैल शिंगानं नाही मारत, शेपटीनं मारते,” असं ते म्हणत. आपल्या जिल्ह्यातली निम्मी पोरं मॅट्रिकला त्या शेपटीखालीच मेली, हेही म्हणत, आणि म्हणताना माझ्याकडे बघत. कारण मेलेल्यांपैकी एक मी होतो. वयानं पस्तिशीला टेकलेला, मिशा राखलेला, दोन पोरांचा बाप.

छप्पन साली आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा यवतमाळलाच एका जिनात होतो आणि मोठेबाबांच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहत होतो. मालक म्हणाले, आता पत्रव्यवहार इंग्रजीत वाढणार, मॅट्रिक होशील तर हेडक्लार्क करतो. मी पाटी-दप्तर घेऊन मोठेबाबांसमोर हजर. पण ते शिकवणार होते ते काही माझ्यासाठी नाही. त्याच वर्षी त्यांचा एकुलता मुलगा, माझा धाकटा चुलतभाऊ मधू, तापानं गेला होता. मागे राहिली कुसुम, आणि तिच्या कडेवरची बेबी. कुसुम फुलसावंगीची, शेतकऱ्याची पोर, नववीपर्यंत शिकलेली. तेराव्यानंतर मोठेबाबांनी तिला बैठकीत बोलावलं. मी दारात होतो.

“मॅट्रिक हो,” ते म्हणाले. “शाळेत नोकरी लावून देतो. पण एकदाच बसायचं परीक्षेले. फेल झाली तं तू फुलसावंगीले, अन् बेबी इथं. माह्या मधूची तेवढीच निशाणी हाये.”

कुसुमनं मान हलवली. बेबी तिच्या खांद्यावर झोपली होती. त्या मानेच्या हलण्यात पुढचं सगळं ठरलं. पोर राहील की जाईल ते आता त्या शेपट्यांवर.

शिकवायची त्यांची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही, आणि पाहायला मिळू नये. वही नाही, फळा नाही. संध्याकाळच्या जेवणाला पाटांची रांग लागायची. पहिल्या पाटावर मोठेबाबा, पुढ्यात त्यांची काशाची थाळी. मग मी. मग, सगळ्या गल्लीनं तोंडात बोट घालावं असं, कुसुम. सून पुरुषांच्या पंगतीला! शेजारी वाखाणत, “मास्तर लय सुधारलेले बाप्पा.” सुधारणा पुढे असायची. दोन घास झाले की मोठेबाबा सुरू करत. “पिक अप युवर ग्लास. पुट इट डाऊन. गो ऑन. आता सांग, ‘पुट ऑफ’ म्हणजे काय? ‘कॉल ऑफ’ म्हणजे? दोन्हीत फरक काय?” पुढे ढकलणं आणि रद्दच करणं, हा फरक घास चावता चावता सांगायचा. अडखळलं की शिक्षा ठरलेली. आपल्या पेल्यातलं पाणी आपल्याच ताटात ओतायचं, भाकरीवर, भाजीवर, आणि त्यात हात धुवायचा. हात धुतला की जेवण संपलं. मग उभं राहून, पंगतीत जो कोणी असेल त्याला हात जोडून म्हणायचं, “मले इंग्रजी येत नाही.”

“इंग्रजी डोक्यात जात नाही तुमच्या,” ते म्हणत, “पोटातून वर पाठवा लागते.”

मी तर रोज हात धुवायचो. ‘टर्न अप’, ‘टर्न डाऊन’, ‘टर्न आउट’... मी कुठे वळावं तेच मला कळत नसे. पण मागच्या खोलीत माझी बायको गरम भाकर अन् ठेचा घेऊन बसलेली असायची. “आज कोन्त्या शेपटीनं मारलं?” असं विचारून वाढायची. त्या हिवाळ्यात मी जाड झालो. कुसुमला मागची खोली नव्हती. मोठीआई, म्हणजे तिची सासू, अन्न वाया जाऊ नये म्हणून हळूहळू तिच्या ताटात कमीच वाढायला लागली. आधी दीड भाकर, मग एक, मग अर्धी. “पानीच पडनार हाये तं कायले वाढू वं?” मोठीआई वाईट बाई नव्हती. ती हिशेबी बाई होती.

एकदा कुसुमचे वडील आले फुलसावंगीहून. धोतर गुडघ्यापर्यंत, हातात ओल्या तुरीच्या शेंगांचं गाठोडं. पंगतीत त्यांना माझ्याजवळ बसवलं. मला वाटलं, आज व्याही आहेत, आज सुट्टी. मोठेबाबांनी पातोडीची भाजी भाकरीवर घेतली आणि म्हणाले, “कुसुम, ‘टेक आफ्टर’. मेक अ सेंटेन्स.” कुसुम म्हणाली, “आय टेक आफ्टर माय डॉटर.” तिला म्हणायचं होतं, मी माझ्या पोरीला सांभाळते. त्याला ‘लुक आफ्टर’ लागतं. तिनं जे म्हटलं त्याचा अर्थ होतो, मी माझ्या पोरीच्या वळणावर गेले आहे. हे तेव्हा मलाही कळलं नव्हतं. मोठेबाबा हसले. फार वेळ हसले.

“आइकलं का इवाईबुवा? तुमची पोरगी तिच्या पोरीवर गेली म्हन्ते! हं... पानी.”

कुसुमनं पेला उचलला आणि भाकरीवर रिता केला. हात धुतला. उभी राहिली. पंगतीत पाहुणा कोण, तर तिचा बाप. तिनं बापाला हात जोडले आणि म्हणाली, “मले इंग्रजी येत नाही.”

म्हाताऱ्याला ना रीत माहीत, ना शिक्षा. तो गोंधळून हसला. “अवं, मले तरी कुठी येते? बस, जेव.” ती बसली नाही. मग त्याची नजर तिच्या ताटात गेली. भाकर पाण्यात तरंगत होती. जन्मभर ज्वारी पिकवलेला माणूस... त्याच्या तोंडातला घास तसाच राहिला. तो उठला. “पोरगी उठली तं मी काय जेवू?”

“सिट डाऊन!” मोठेबाबा गरजले.

म्हाताऱ्याला वाटलं, निरोपाचं काहीतरी बोलले. तो वाकून “रामराम” म्हणाला आणि निघून गेला. पुन्हा त्या घरात जेवला नाही. शेंगांचं गाठोडं तिथंच राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच दाण्यांची भाजी झाली आणि मोठेबाबांनी ती दोनदा मागून घेतली.

परीक्षेच्या दिवशी मोठीआई दही-साखर घेऊन दारात उभी. कुसुमनं वाटी बाजूला केली. “नको आत्याबाई. भरल्या पोटी मले आठवतच नाही.” ती उपाशी गेली आणि पास झाली, इंग्रजीत तर चांगलीच. मी पोटभर जेवून गेलो आणि माझी परंपरा राखली. निकालाच्या संध्याकाळी मोठेबाबा गल्लीत सांगत फिरले, “पद्धत आहे माझी.” सुनेला त्यांनी शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही. बेबीला त्यांनी मात्र एक पेढा दिला. शब्दाला पक्के, मुलींच्या शाळेत नोकरी लावून दिली. बेबी आईजवळ राहिली. घर मात्र त्यांचंच होतं, आणि पंगतही; चुकलं की ताटात पाणी, हे नोकरी लागल्यावरही सुटलं नाही. मला पुढे वणीला काम लागलं. हेडक्लार्कचं नव्हे, हे सांगायला नको.

मग आठ-नऊ वर्षांनी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली; पण गंमत बघा... क्रूर गंमत... मराठी सगळी गेली आणि इंग्रजीतल्या त्या शेपट्या तेवढ्या राहिल्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. मी भेटायला गेलो तेव्हा कुसुम त्यांना दुधात कुस्करलेली भाकर भरवत होती. शाळेतून आल्या आल्या हातपाय धुऊन हे तिचं पहिलं काम. एक घासही सांडू देत नव्हती. मोठेबाबांनी डावा हात हलवला. “टेक... टेक अवे.” पोट भरलं असावं. कुसुमनं त्यांच्या हनुवटीवरचं दूध पदरानं पुसलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, “मामाजी, मले इंग्रजी येत नाही.” आणि पुढचा घास भरवला.

“सिट अप,” ते म्हणाले. उठवून बसव.

“मले इंग्रजी येत नाही, मामाजी.”

मोठीआई कोपऱ्यात वाती वळत होती. “अवं, तू तं शाळेत इंग्रजीच शिकवतं.”

“शाळेत येते, आत्याबाई. इथं नाही येत.”

मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या घरात आता त्यांचं इंग्रजी समजणारा मी एकटा; कायमचा नापास. मी त्यांना उचलून बसवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कुसुम तेही पदरानं पुसत होती. दया आली का म्हणाल तर आली. पण कोणाची, ते मला त्या दिवशी नीट उमजलं नाही. असं किती महिने चाललं असेल कोण जाणे. कुसुमनं त्यांना एक वेळही उपाशी ठेवलं नाही. अंगावर एक फोड येऊ दिला नाही. आणि त्यांचा एक शब्दही ऐकला नाही. तसेच ते गेले.

परवा, तेरावं होऊन महिना झाल्यावर, मी पुन्हा यवतमाळला गेलो. संध्याकाळी पाट मांडले. पहिल्या पाटावर मला बसवलं. दुसरं कोण होतं बसायला? काशाची थाळी फळीवर पालथी ठेवली होती. बेबी आता शाळेत इंग्रजी शिकते. ती मला मोठेबाबा म्हणते. बापाच्या थोरल्या भावाला पोरं तसंच म्हणतात. मला दाखवायची हौस तिला. “मोठेबाबा, ‘पुट आउट’ आलं आम्हाले. दिवा विझवणं! अन् ‘पुट ऑन’ म्हणजे...” ती थांबली. “‘पुट ऑन’ म्हणजे...” आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

मी काही बोललो नव्हतो. कुसुमनं तिला एकदाही ती शिक्षा केलेली नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण पोर रांगत होती तेव्हापासून पाहत आली होती. तिनं पेला उचलला आणि ताटात रिकामा केला. हात धुतला. उठली, आणि मला हात जोडून म्हणाली, “मोठेबाबा, मले इंग्रजी येत नाही.”

 कुसुमनं बेबीला दंडाला धरून खाली बसवलं. आपलं भरलेलं ताट तिच्यापुढे सरकवलं आणि तिचं ताट स्वतःपुढे ओढलं. मग त्या पाण्यातली भाकर बोटांनी चाचपून काढली, पिळली, आणि खाली मान घालून खाऊ लागली. घासागणिक मनगटावरून पाणी ओघळत होतं. ताट कोरडं होईपर्यंत ती थांबली नाही.

“जेवा ना, भाऊजी,” ती म्हणाली.