तहानलेली नाचणी

बंगळुरूच्या एका शेतीसंस्थेत परिसंवाद होता. सत्काराच्या शाली आल्या होत्या, प्रमुख पाहुणे यायचे होते. संचालकांच्या हुकमावरून मंचावर नाचणीच्या कुंड्या मांडल्या होत्या. एक संशोधक बाई त्यांच्यापुढे उकिडव्या बसून बोटाच्या पाठीनं पानं चाचपत होत्या. ही त्यांच्या प्रयोगाची रोपं. करप्याची बुरशी लावून, पाणी तोडून, अशा हालात कुठली जनुकं जागी होतात ते त्या पाहत होत्या.

"अक्का, पाहुणे येणार म्हणून पोटभर पाणी घातलं," माळी कौतुकानं म्हणाला. "सुकली होती बिचारी."

अख्ख्या हंगामाचा प्रयोग एका झारीत वाहून गेला होता.

"सरी, अण्णा," ठीक आहे अशा अर्थी बाई कानडीत एवढंच म्हणाल्या. मग हलकेच, मराठीत, रोपांना म्हणाल्या, "प्या गं. मलाही बघवत नव्हतं."