कर्नलकाकांचं न म्हटलेलं कडवं

आमच्या पंजाबातल्या झिरकपूरच्या सोसायटीतला सगळ्यात रांगडं मराठी बोलणारा माणूस काल गेला.

तो शीख होता.

कर्नलकाका. जन्म पंजाबातला, पण अख्खी नोकरी मराठा पलटणीत. मराठी शिकले ते साताऱ्याकडच्या जवानांकडून. त्यामुळे आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या पुणेरी वहिन्यांना पहिल्याच भेटीत म्हणाले, "आवं बसा की, उभ्या का? च्या टाकतो."

वहिन्या गार!

मी बार्शीची. ड्यूटी सेक्टर ३२च्या हॉस्पिटलात, दिवसभर हिंदी-पंजाबी. घरी पोरीला मराठीत काही विचारावं, तर ती हिंदीत उत्तर देते. अशात संध्याकाळी लिफ्टपाशी काका भेटायचे. "काय डॉक्टरीणबाई, दमलासा जणू?"

माहेरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटायचं. खरंच सांगते, त्या एका वाक्यावर मी ह्या गावात टिकले.

दर शिवजयंतीला काका मंडळात पोवाडा म्हणायचे. छापील नव्हे हं. त्यांच्या कंपनीतल्या एका जवानाने रचलेला, दगडू नावाच्या आपल्या साथीदारावर. बर्फातल्या चौकीवर दुसऱ्याला वाचवताना दगडू गेला. काका तेव्हा नवेनवे लेफ्टनंट.

काका खड्या आवाजात म्हणायचे आणि आम्ही सगळे मागून झील धरायचो, जी जी रं जी!

दगडू बर्फात पडला, की काका थांबायचे.

"काका, पुढं?"

"पुढचं इसरलो बघा."

पगडी सारखी करत खाली बसायचे. दरवर्षी हेच. आम्हाला वाटायचं, वय झालं, होतं असं.

यंदा मंडळात नवे सचिव आले. म्हणाले, "पोवाडा मराठी माणसानेच म्हणावा, नाही का? शेवटी आपल्या आयडेंटिटीचा प्रश्न आहे." पुण्याहून कलाकार बोलावला. काका प्रेक्षकांत बसून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

मी भांडले. चांगली कचाकचा भांडले त्या सचिवांशी. शेवटी काकांनीच मला बाजूला घेतलं.

"पोरी, जाऊ दे की. पगडी पंजाबची, जीभ पलटणीची, आन् गुडघं म्हातारपणाचं. ज्याला जे पायजे ते त्यानं घ्यावं."

हसले.

पण त्यानंतर लिफ्टपाशी माझ्याशी हिंदीत बोलायला लागले.

"कैसी हो, बेटा? ठीक?"

हे मला फार लागलं. अजून लागतंय.

काल पहाटे झोपेतच गेले. मंडळाच्या ग्रुपवर सचिवांचा मेसेज आला, 'मराठीप्रेमी अमराठी बांधव हरपला.' वाचून डोकंच सटकलं माझं. ही पोस्ट त्यासाठीच लिहायला बसले होते, शिव्या घालायला.

पण आज दुपारी काहीतरी वेगळंच झालं.

आंटीजवळ बसले होते, काकांच्या बायकोजवळ. त्यांना मराठीचा गंध नाही. लोक उठून गेल्यावर हळूच म्हणाल्या, "पुत्तर, उनकी मराठी अरदास कर लें?"

मराठी अरदास? मराठीत प्रार्थना? मला कळेना.

मग आंटींनी सांगितलं. काका रोज सकाळी आरशासमोर पगडी बांधताना मराठीत काहीतरी पुटपुटायचे. लग्नानंतर आंटींनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मेरी अरदास है." झालं. तेव्हापासून आंटी रोज त्यांच्या मागे हात जोडून बसायच्या. ऐकून ऐकून शब्द पाठ झालेले, अर्थ ठाऊक नाही.

आंटींनी डोक्यावर चुन्नी ओढून घेतली, डोळे मिटले आणि पंजाबी उच्चारात म्हणायला लागल्या,

"माय बोले दगडूची, नका रडू कुनी
एक ल्योक गेला, एक आला अंगनी
पगडीवाला ल्योक माझा, पंजाबाचं पानी..."

आणि थांबल्या.

पुढची झील काका म्हणायचे. आज म्हणायला कुणी नव्हतं. शेवटी मीच म्हटली. जी जी रं जी. आवाज पार फाटला माझा.

आंटींनी डोळे उघडले. "पुत्तर, एदा मतलब की ए?"

काय सांगू? सगळं सांगितलं. आंटी, ही अरदास नाही, पोवाडा आहे. ह्या कडव्यात आहे, दगडूचा देह घेऊन काका त्याच्या गावी गेले होते. तिथे त्याच्या आईने ह्यांना आपला मुलगा म्हटलं. सगळ्या गावासमोर, अंगणात.

चारचौघांत हे कडवं म्हटलं तर स्वतःची बढाई होईल, म्हणून हा माणूस दरवर्षी ते 'विसरत' होता. यंदा मराठी कोण आणि अमराठी कोण ह्याचा काथ्याकूट चालला होता, तेव्हाही उत्तर ह्यांच्या तोंडात तयार होतं. गिळलं. टाळ्या वाजवत बसले.

आयडेंटिटी म्हणे! तो प्रश्न त्या माउलीने पोराचा देह अंगणात आला त्याच दिवशी एका ओळीत मिटवून टाकला होता.

आंटींनी डोक्यावरची चुन्नी सारखी केली. मग म्हणाल्या, "मैं तो सारी उमर सिर ढककर सुनती रही."

माझा हात घट्ट धरला.

"ठीक ही किया ना मैंने?"

"बिल्कुल ठीक किया, आंटी."

दोघी रडत बसलो.

निघा आता, काका. सावकाश जा, गुडघे सांभाळून.

दगडूची माय वाट बघत असेल.