सभासदांच्या बाटल्या आणि आईचं इन्सुलिन

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या दूध संस्थेत दूध सोडून सगळं होतं. चेअरमन, संचालक, भिंतभर फोटो आणि कोपऱ्यात फ्रिज. जनावरं चारा छावणीला गेलेली, त्यामुळं फ्रिजला कामच नव्हतं. आमच्या घरी फ्रिज नव्हता. सचिवांना विचारून मी आईचं इन्सुलिन तिथं ठेवायचो, सकाळ-संध्याकाळ सुईच्या वेळी घेऊन यायचो.

बाकीच्या फळ्यांवर संचालकांच्या पाण्याच्या बाटल्या. गाव टँकरमागं घागरी घेऊन पळतंय आणि संचालक मंडळ गारेगार पाणी पितंय, हे बघून माझं टाळकं फिरलं. मी तेव्हा पत्रकं काढायचो. 'फ्रिज कुणाच्या बापाचा? प्रत्येक सभासदाला एक बाटली!' असं छापून गिरणीपासून पारापर्यंत चिकटवलं. चेअरमन माझ्यापेक्षा हुशार. त्यांनी सभा बोलावली, माझी मागणी एकमतानं मंजूर केली आणि वर नारळ देऊन माझा सत्कार केला.

चार दिवसांत फ्रिज गच्च. तेलाच्या, सरबताच्या, कुठल्या कुठल्या बाटल्या, प्रत्येकीवर नेलपॉलिशनं सभासद क्रमांक. दिवसभर दार उघड-बंद. आणि आईची साखर काही केल्या उतरेना. धारूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन कुठं ठेवता?" मी तोऱ्यात सांगितलं, "संस्थेच्या फ्रिजमध्ये."

"फ्रिज गार होतो का, ते बघा आधी."

येऊन हात घातला, तर आत बाहेरच्यापेक्षा जरा कमी उन्हाळा, एवढंच. दोषी कोण, हे मला लगेच कळलं. 'भंगार फ्रिज कुणी आणला?' हे दुसरं पत्रक घेऊनच मी धारूरहून मिस्त्री आणला. चेअरमन खुर्चीत बसून बघत होते.

मिस्त्रीनं मशीनला कान लावला. मागची जाळी चाचपली. मग माझ्या हातातलं पत्रक घेतलं, दारात धरून दार लावलं आणि ओढलं. पत्रक अलगद बाहेर.

"मशीन चालू हाय, गॅस हाय. रबर ढिलं पडलंय. दिवसातून किती वेळा उघडता वो?"

"सभासद उघडतात."

"मग हे फ्रिज न्हाई, आठवडी बाजार हाय. हवा फिरायला जागा कुठंय? एक बाटली गार व्हायच्या आत दुसरी गरम येऊन बसती. कुणाचं डोकं हे?"

सचिवांनी रजिस्टर उघडलं. चेअरमन म्हणाले, "एकमतानं ठराव हाय. सूचक हेच."

चेअरमन आणखी गोड झाले. "असं करू, सभासदांच्या काढू. संचालकांच्या दोन-चार राहू द्या, मिटिंगला लागतात. तुमच्या आईचं औषध बी राहील."

खरं लिहितो, मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात बौद्धवाड्यातली एक म्हातारी बाटली न्यायला आली. रोजंदारी करणारी, पण संस्थेची जुनी सभासद.

तिनं दारातूनच ऐकलं होतं. "कशापायी काढायच्या?"

मी आईचं सांगितलं.

"मायचं औषध हाय व्हय? मग आधी बोलायचं न्हाई का, लेकरा? हक्काचं एवढं लांबलचक लिहिलंस, त्यात हे कुठं होतं?"

तिनं आपली बाटली काढली. त्याच हातानं चेअरमनची काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. "धरा साहेब. गरमच हाय, पिऊन टाका."

चेअरमनची निघाली म्हटल्यावर कुणाचीच राहिना. मिस्त्रीनं वरच्या खणात साठलेला बर्फ वितळवला, जाळीवरची धूळ झाडली, फ्रिज भिंतीपासून हातभर पुढं ओढला, रबर गरम पाण्यानं शेकून बसवलं आणि उद्यापर्यंत दाराला हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

फ्रिजला कुलूप लावायचं ठरलं, किल्लीचा प्रश्न उरला. चेअरमनकडं नको, यावर गाव एक झालं. माझ्याकडंही नको, यावर त्याहून जास्त एक झालं. "हा परत पत्रक काढून वाटप करील," असं माझ्या तोंडावर सांगितलं. किल्ली म्हातारीकडं गेली.

नवीन इन्सुलिन आणलं. पुढं सगळा उन्हाळा सकाळ-संध्याकाळ मी तिच्या दारात उभा. ती स्वतः सोबत यायची, कुलूप काढायची, "औषधच ना? दुसरं काय न्हाई ना?" असं विचारायची. साखर उतरल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी मी घरी जायच्या आधी तिच्याकडं गेलो.