विकलोच्या बर्फातली पिवळी फुलं

सांगलीला आमच्या शेजारच्या काकू सांगायच्या, मागच्या पिंपळावर मुंजा आहे. मी म्हणायचे, "मग खाली बोलवा की, चहा टाकते!" असली मी. त्यात डॉक्टर. आयर्लंडला येऊन नऊ वर्षं झाली, राहतो डब्लिनजवळ ल्यूकनला, नोकरी पोर्टलीशच्या हॉस्पिटलात. भुताखेतांना माझ्याकडे अपॉइंटमेंट नव्हती कधी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. हसायचं तर हसा.

आधी आमचे बाबा कसे चालायचे ते सांगायला हवं. हात पाठीशी बांधून, आईने विणलेली मरून रंगाची कानटोपी घालून, ताडताड पुढे. मागे वळून बघणं नाहीच. आई वीस पावलं मागे — "अहो, थांबा की जरा!" चाळीस वर्षं रोज हेच. मागच्या वर्षी असेच सकाळी फिरायला गेले. आई नेहमीप्रमाणे कुणाच्या तरी कंपाउंडवरची जास्वंद तोडायला थांबली, बाबा कोपऱ्यावरून वळले... आणि तिथेच कोसळले. आई पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेव्हापासून तिचं एकच. "फुलांच्या नादात मागं राहिले गं. तोंडात पाणी घालायला पण मी जवळ न्हाई." मी तिला इकडे घेऊन आले, तर तीन महिने किचनच्या खिडकीशी बसून. घराबाहेर पाऊल नाही. देवाला फूल वाहणंही सोडलं, नुसती साखर ठेवायची. खरं सांगते, मला भीती वाटायला लागली होती की हीसुद्धा अशीच बसल्याबसल्या जाईल. आणि मला भीती वाटली की मी चिडते.

या जानेवारीत डब्लिनच्या दक्षिणेला, विकलो नावाच्या भागातल्या डोंगरात गुडघाभर बर्फ पडला. इथे असं क्वचितच होतं. तिथल्या नॅशनल पार्कमध्ये डेक्लन नावाचा एक गाइड छोटे ग्रुप घेऊन स्नोशूजवर फिरवणार होता. माझ्या नवऱ्याने, निखिलने, बुकिंग केलं आणि मी आईला अक्षरशः ओढून नेलं. पायात ते रुंद स्नोशूज बांधल्यावर ती म्हणाली, "ह्ये काय, पायाला सुपं बांधलीत व्हय?" कितीतरी महिन्यांनी तिने चेष्टा केली होती.

आम्ही आठ जण. एका दगडी भिंतीपर्यंत जायचं, तिथे चहा प्यायचा, परत यायचं. निम्म्या वाटेत धुकं उतरलं. निखिल पुढे फोटो काढत होता, मी मधे. मला वाटलं आई त्याच्याबरोबर आहे, त्याला वाटलं माझ्याबरोबर. भिंतीशी पोचून डेक्लनने माणसं मोजली... सात.

सगळ्यांसमोर निखिलवर ओरडले. डेक्लन म्हणाला, "अगं, युअर मॅम इज ग्रँड, आई ठीक आहे तुझी. मघाशी धुकं जरा हटलं तेव्हा वरच्या वळणावरून बघितलं मी. त्या माणसाबरोबर येतेय."

"कुठल्या माणसाबरोबर?"

"मरून टोपीवाला. बर्फात टेकायच्या काठ्याही नाहीत, हात पाठीमागे बांधून चाललाय. वर आला की ओरडणारच होतो त्याला. तुझे डॅड ना, मागून येऊन मिळालेले?"

बाकीची माणसं तर माझ्यासमोर उभी होती.

तेवढ्यात धुक्यातून आई आली. एकटीच. सावकाश, अगदी शांत. हातमोज्यात पिवळी फुलं — इथल्या काटेरी गॉर्सच्या झुडपाला थंडीतसुद्धा येतात, ती.

"कुठे होतीस? जीव टांगणीला लावलास!" मी रडतच ओरडले.

"फुलं दिसली म्हणून थांबले. मान वर केली तर सगळं पांढरं, कुणीच न्हाई. मग पुढं हे दिसले. सवयीनं हाक मारली, अहो, थांबा की जरा..." तिने मागे वळून धुक्याकडे बघितलं. "आणि थांबले गं! मागं वळले. म्हणाले, घे सावकाश, मी थांबलोय. तिथनं शेजारी शेजारी आलो आम्ही."

मी आणि डेक्लन तिच्या वाटेने मागे जाऊन आलो. झुडूप आमच्या वाटेपासून बरंच बाजूला; तिथून भिंतीपर्यंत ठसे एकाच माणसाचे. पण मधे बर्फाखाली झाकलेला एक ओढा आहे. आईला त्याची कल्पनाच नव्हती, तरी तिचे ठसे त्याला बरोबर वळसा घालून आले होते. डेक्लनने छातीवर क्रूसाची खूण केली.

दुःखात माणसाला भास होतात, हे मी पेशंटच्या नातेवाइकांना स्वतः समजावते. आईचं तसं म्हणता येईल. पण डेक्लनला कसलं दुःख होतं? टोपीचा रंग त्याला मी सांगितला नव्हता, कुणीच नाही. दोनदा फोन करून विचारलं, तो शब्दही बदलत नाही. आता मी उत्तर शोधत नाही.

त्या संध्याकाळी आईने किचनच्या प्रेसमधल्या — इथे कपाटाला प्रेस म्हणतात — आमच्या देवांना ती फुलं वाहिली. आता रोज सकाळी ती माझ्याबरोबर फिरायला येते. शेजाऱ्यांच्या कुंपणाशी खुशाल फुलं तोडत बसते. मला ड्युटीला उशीर होत असतो, लाजही वाटते, पाय पुढे पळत असतात... बाबांचीच मुलगी ना.

पण थांबते मी.