चाकावरचं घर आणि पायगोंडाचं जेवण

फाउंड्रीच्या कोपऱ्यात लोखंड ओतताना फुटलेली कास्टिंगं साठतात, तसे किस्से साठतात. मुद्दाम कोणी साठवत नाही आणि टाकूनही देत नाही. उद्यमबागेतल्या एकाच फाउंड्रीत आम्ही चौघं म्हातारे झालो, म्हणून आमचा ढीग जरा मोठा. हे वरचे, ताजे.

शंकर कंपनीचा टेम्पो चालवायचा. त्याच्या जावयाची कॅरॅव्हान आहे, भाड्यानं देतो. आत पलंग, गॅस, बेसिन, सगळं. जावई म्हणाला, मामा, चार दिवस रिकामी आहे, घेऊन जावा. वेंगुर्ल्याकडं समुद्राकाठी कॅम्प असतो, तिथं जायचं ठरलं.

अडचण पायगोंडाची. तो निपाणीकडचा जैन, माझ्याबरोबर मोल्डिंगला, वाळूचे साचे करायला होता. बायको गेल्यापासून तिचा नेम त्यानं उचलला, सूर्य बुडाल्यावर जेवायचं नाही. मागं एका लग्नात वेळ टळली, रात्रभर उपाशी राहिला आणि सकाळी चक्कर येऊन पडला. म्हणून पोरानं, महावीरनं, बजावलं, "आप्पा, एक रात्र जरी उपाशी राहिलासा तर गाडी घेऊन न्यायला येतो बघा." पायगोंडाला चारही दिवस पाहिजे होते. त्यानं समुद्र कधी बघितलाच नव्हता.

*

आंबोलीत चहाला थांबलो. शंकर दार उघडून खाली उतरला आणि तसाच परत वर चढला. "चपला कुठं हायत रं?"

सगळ्यांनी पायाकडं बघितलं. अनगोळात, निघायच्या वेळी कॅरॅव्हानमध्ये चढताना, घर आहे म्हटल्यावर, चौघांनी चपला बाहेर पायरीखाली काढल्या होत्या. शंकरनंसुद्धा, कारण तो आतूनच पुढच्या सीटवर गेला. चपला अनगोळच्या रस्त्यावर, ओळीनं.

तिथल्या दुकानात एकाच रंगाच्या स्लिपर मिळाल्या. पुढचे चार दिवस कुणाच्या पायात कुणाची होती, देवाला माहीत.

*

आमच्यातला चौथा मारुती, त्यानं सगळी नोकरी भट्टीवर काढली. चहा करायचा म्हणून त्यानं कॅरॅव्हानमधला गॅस लावला आणि वाकून ती निळी ज्योत बराच वेळ बघत बसला. पाणी कधी उकळणार, विचारलं तर म्हणाला, "ह्याच्यावर मी बिडीबी पेटवली नसती."

तरी चहा चांगला झाला. घड्याळ न बघता, नुसत्या रंगावर त्यानं भांडं उतरवलं.

*

घाट उतरून पोचायला उशीर झाला. तरी सूर्य वर होता. शंकर म्हणाला, पायगोंडाचं ताट झालं की मग समुद्र. मारुती भाकरी थापायला बसला, आम्ही तिघं जरा पाय मोकळे करायला वाळूत उतरलो.

समोर एवढा समुद्र. पण पायगोंडा खाली वाकला आणि वाळूची मूठ भरून दाबली. मग मी भरली. मूठ उघडून गोळा कसा मोडतोय ते आम्ही दोघं बघत राहिलो. साचा धरेल की नाही, ह्यावर वाद सुरू झाला. पायगोंडा म्हणे धरेल, मी म्हणे माल फुटणार. शंकरला ह्यातलं काही कळत नाही, तोही मूठ दाबायला लागला.

कॅम्पचा मॅनेजर धावत आला. "काका, काही हरवलं का?"

"न्हाय," पायगोंडा म्हणाला. "वाळू लई बारीक हाय तुमची."

मॅनेजर बिचारा सॉरी म्हणाला.

*

ह्या वादात वेळ गेला. मारुतीच्या हाका ऐकू आल्या तेव्हा सूर्य पाण्यापासून हातभर वर होता. तो ताट घेऊनच पळत आला, भाकरी आणि पिठलं. पायगोंडाला तिथंच वाळूत बसवलं. त्यानं दोन घास खाल्ले, तिसरा मोडला आणि मान वर केली.

सूर्य पाण्याला टेकला होता.

घास हातातच राहिला. मी म्हटलं, "पायगोंडा, खा की. बुडायला लागला."

"थांब रं," तो म्हणाला. "इतकी वर्षं ह्या टायमाला मी ताटातच बघतोय."

आम्ही तिघं कधी सूर्याकडं, कधी त्याच्या हाताकडं बघत होतो. सूर्य गेला. पायगोंडानं घास ताटात ठेवला आणि ताट मारुतीकडं सरकवलं.

तेवढ्यात फोन वाजला. त्याचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"आप्पा, जेवलासा न्हवं?"

शंकर हातानं खुणावत होता, व्हय म्हण, व्हय म्हण.

"न्हाय रं," पायगोंडा म्हणाला. "सूर्य बघत बसलतो."

 महावीर म्हणाला, उद्याच येतो न्यायला.

"ये," पायगोंडा म्हणाला. "पण सूर्य बुडायच्या आत ये. जेवूनच ये. तूबी कधी बघितला नसशील."