निरोगी माणसाचा नमुना

तेवीस वर्षं ती प्रयोगशाळेत माणसांची नि कोंबड्यांची विष्ठा आणि दुकानातलं मांस तपासत आली होती. नाकाला सवय झाली, पाठीला नाही. पोट बिघडवणारा जंतू नावाला एकच, पण त्याचे वाण शेकडो. कुठला कुठून आला, हे ती जनुकांवरून जुळवायची. काही निरोगी पोटांतही तो त्रास न देता राहतो, त्यामुळे तुलनेला निरोगी माणसाचा नमुनाही लागे. तो द्यायला सगळेच नाकं मुरडत, म्हणून दर वेळी तीच आपला द्यायची.

घरी सासूबाईंचं पोट तीन महिने बिघडलेलं होतं.

"चोरून अरबटचरबट खाता आणि निस्तरायचं मी!" ती रोज करवादायची.

"नाही गं, तू वाढतेस तेवढंच खाते."

शेवटी वैतागून तिने सासूबाईंचाही नमुना तपासला. त्यातला जंतू मांसाशी जुळला नाही, कोंबड्यांशीही नाही. तंतोतंत जुळला तो निरोगी माणसाशी. तिला स्वतःला कधी साधी कळही आली नव्हती.

संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. नवऱ्याला म्हणाली, "आजपासून रांधायचं, वाढायचं तुम्ही."

आतून सासूबाईंचा घाबरा आवाज आला, "रागावू नकोस गं. खरंच, तू वाढलंस तेवढंच खाल्लं."