शेंदराखालची बाई

शिदूमामांचे नाव घेतल्याशिवाय माझ्या कोणत्याही गोष्टीला आरंभ होत नाही. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवले. दुष्काळात अर्धा कळप गेला, तरी सोलापुरातले माझे कॉलेज थांबू दिले नाही. घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्यांच्या मेंढरांच्या पाठीवर बसून.

माझे लग्न ठरले तेव्हा चैत्राचे ऊन माळावर पांढरे झाले होते आणि कापलेल्या करडईच्या रानाला कोरडा, तेलकट वास होता. आमच्याकडे नवरा मुलगा वेशीबाहेरच्या वीराला, म्हणजे कुठल्याशा प्राचीन लढाईत पडलेल्या शिपायाच्या कोरीव दगडाला, तेल वाहतो. मगच त्याला हळद लागते. मामा, मामी आणि मी तो दगड धुवायला गेलो, आणि मामांचा हात लागताच पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराचे जाड कवच निखळून पडले. आत तलवार उगारलेला वीर होता. त्याच्या पुढ्यात, हात वर केलेली, कडेवर मूल घेतलेली एक बाई होती.

"आपल्याच गावची आसंल. वाचवतोय तिला," मामा म्हणाले.

"की मारतोय?" मी विचारले.

मामांनी बाईच्या कडेवरच्या मुलावरची माती बोटाने पुसली. "राजाचा हुकूम आसंल रं. न्हाय म्हनला आसता, तर त्याचंच मुंडकं गेलं आसतं की."

"अगं बया! लगीन ह्येचं, आन् भांडान त्या मेलेल्याचं," मामी हसली.

मामा हसले नाहीत. "तू शिकलायस. शेंदूर परत लावायचा का न्हाय, तू सांग. तुज्या शब्दाबिगर मी हात लावत न्हाय."

उत्तर न देताच मी सोलापूरला नोकरीवर परतलो. हुकुमावरून गावे जाळणारा शिपाई राजाइतकाच अपराधी, असे मी परीक्षेत ठामपणे लिहिले होते. तेव्हा तो शिपाई कुणाचा कुणी नव्हता. आता पहाटे गिरणीचा भोंगा होतो, त्या एका हाकेसरशी माणसांच्या रांगा अंधारातून निघतात, आणि त्यांत मला त्याचा चेहरा दिसू लागतो. मग त्या बाईचे हात दिसतात, आणि माझे उत्तर पुन्हा मोडते. हळद जवळ आली, तेव्हा मी लिहिले :

"ती. शिदूमामांस, सा. न. वीराला शेंदूर लावा. बाईला मात्र उघडी ठेवा. मी दोघांनाही तेल वाहीन. तिच्यापुढे वाकताना काय म्हणायचे, ते मला अजून सुचलेले नाही. तुम्ही शेजारी उभे राहा."